गोवर लपवून कोणाचं भलं होतं?

२०२६ अखेरपर्यंत गोवर आणि रुबेला हे दोन्ही आजार देशातून संपवायचे, असं केंद्र सरकारने ठरवलं आहे. त्यासाठीची देशव्यापी मोहीम २४ एप्रिल २०२५ रोजी जाहीर झाली. याआधी हेच लक्ष्य २०२३ चं होतं, आणि त्याही आधी २०२० चं. म्हणजे तारीख दोनदा पुढे सरकली. ती का सरकते, याचं काही उत्तर दिल्लीत आहे, काही महापालिकेच्या आरोग्य खात्यात आहे आणि थोडं आपल्या मोहल्ल्यातही आहे. पहिल्या दोन्हींवर टीका करायला आपण कधी कमी पडत नाही, आणि ती करायलाच हवी. पण या लेखात मला मुख्यतः तिसऱ्याबद्दल, म्हणजे आपल्या घराच्या दाराबद्दल बोलायचं आहे.

दारावर आशाताई येते. हातात रजिस्टर असतं. विचारते, "घरात कोणाला ताप आहे का? अंगावर पुरळ? पाच वर्षांखालची मुलं किती? कार्ड आहे का?" आतून आवाज येतो, "सब ठीक है." दार बंद. कितीतरी वेळा आत गादीवर तापाने फणफणलेलं मूल झोपलेलं असतं आणि त्याच्या कानामागून पुरळ उतरायला सुरुवात झालेली असते. आईला ते माहीत असतं. शेजारणीलाही माहीत असतं. फक्त रजिस्टरला माहीत नसतं.

मी भिवंडीत उर्दू शाळेत शिकवते. अशी बंद दारं मी पाहिली आहेत, आणि एक दार बंद होण्यात माझाही हात होता. ते पुढे सांगते.

आधी हे रजिस्टर नेमकं कशासाठी असतं ते पाहू. लसीने टाळता येणाऱ्या आजारांवर लक्ष ठेवण्याच्या या कामाला सरकारी मराठीत 'सर्वेक्षण' म्हणतात. साध्या मराठीत शब्द आहे 'पाळत', आणि तो ऐकला की पोलीस आठवतो. उर्दूत 'निगरानी' म्हणतात, त्यात मात्र राखण आणि काळजी दोन्ही आहे. एकाच कामाला दोन भाषांत दोन वेगळे वास. आपल्या वस्त्यांमध्ये हे काम 'पाळत' म्हणून पोचलं, 'निगरानी' म्हणून पोचलंच नाही, असं मला वाटतं.

या कामाची आपल्या देशातली मजबूत उभारणी पोलिओपासून झाली. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. नियम अगदी साधा होता. पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर कारण काहीही वाटो, कळवायचं. पोलिओ आहे की नाही हे डॉक्टरने ठरवायचं नाही, ते प्रयोगशाळा ठरवेल. मग त्या मुलाच्या शौचाचे दोन नमुने, चोवीस तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत घ्यायचे. बर्फाच्या डब्यातून ते प्रयोगशाळेत पोचवायचे. साठ दिवसांनी पुन्हा त्या मुलाच्या घरी जाऊन पाय सुधारला का ते बघायचं. कळवणाऱ्यांच्या यादीत मोठी रुग्णालयं होतीच, शिवाय गल्लीतले दवाखाने, हकीम, वैद्य आणि झाडफूक करणारेही होते. कारण मूल आजारी पडलं की आई आधी कुठे जाते, हे त्या लोकांनी नीट ओळखलं होतं.

मुंबईत तर २००१ पासून गटाराच्या पाण्याचे नमुनेही तपासले जाऊ लागले. पोलिओचा विषाणू शौचावाटे बाहेर पडतो. ज्या मुलाला काहीच लक्षणं नाहीत त्याच्याकडूनही तो नाल्यात येतो. म्हणजे नाला आधी बोलतो, पाय नंतर लुळा पडतो. भारतात २००९ साली पोलिओचे ७४१ रुग्ण होते, तेव्हा जगात सर्वात जास्त. २०१० मध्ये ४२ झाले. २०११ मध्ये फक्त एक, पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातली दोन वर्षांची मुलगी, १३ जानेवारीची. त्यानंतर एकही नाही, आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. हे लसीने झालं हे खरंच. पण लस कुठे कमी पडते आहे हे सांगणारं कोणी नसतं, तर थेंब जिथे आधीच पोचले होते तिथेच पुन्हा पुन्हा पाजले गेले असते.

गोवरासाठीही हीच पद्धत आहे. ताप आणि अंगावर लालसर पुरळ असलेलं मूल दिसलं की कळवायचं, रक्ताचा नमुना घ्यायचा, प्रयोगशाळा गोवर की रुबेला की तिसरंच काही ते सांगते. एका भागात चार आठवड्यांत असे पाच किंवा जास्त संशयित रुग्ण दिसले, की उद्रेक समजून घरोघर शोध सुरू होतो. घाई असते, कारण गोवराइतका पसरणारा आजार क्वचितच असेल. लस न घेतलेल्या लोकांत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल इतरांना तो देत असतं. म्हणून त्याला रोखायला शंभरातल्या किमान पंचाण्णव मुलांना दोन डोस मिळालेले असावे लागतात.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. समजा एखाद्या वॉर्डात ९० टक्के लसीकरण झालं. कागदावर ठीक दिसतं. पण त्या वॉर्डातल्या तीन सोसायट्यांत सगळी मुलं लसवंत आणि मागच्या झोपडपट्टीतल्या एका गल्लीत निम्मीच, असंही असू शकतं. सरासरीत ती गल्ली दिसत नाही. गोवर मात्र नेमकी तीच गल्ली शोधतो. जाणकार गोवराला म्हणूनच लसीकरणातली भोकं दाखवणारा आजार म्हणतात. आणि जिथे गोवराचं भोक आहे तिथे घटसर्प, डांग्या खोकला, पोलिओ यांनाही वाट मोकळी असते.

२०२२ च्या ऑक्टोबरात गोवंडीच्या रफीनगरात हेच झालं. ४८ तासांत तीन लहान मुलं दगावली, तेव्हा कुठे मुंबईला कळलं की गोवर आलेला आहे. आला तो नक्कीच त्याच्या आधी असणार. मुलं मेल्यावर कळणं म्हणजे निगरानी हरणं. नोव्हेंबरात केंद्राचं पथक मुंबईत आलं. गोवंडी, कुर्ला, भायखळा, मग भिवंडी आणि मालेगाव अशी नावं बातम्यांत येऊ लागली. त्याच महिन्यात रांची, अहमदाबाद आणि मलप्पुरमलाही केंद्राची पथकं गेली. जिथे साथ जोरात होती तिथे नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस आणि सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस द्यायचं ठरलं. एरवी पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. राज्यात डझनाहून जास्त मुलं गेली. त्यांतली बहुतेक लस न घेतलेली होती.

कोविडच्या दोन वर्षांत नेहमीचं लसीकरण मागे पडलं होतं, हे एक कारण. एम-पूर्व वॉर्डासारख्या भागात लोकसंख्येच्या मानाने दवाखाने आणि कर्मचारी कमी, कचऱ्याच्या डोंगराशेजारी कुपोषित मुलं, आज या खोलीत तर उद्या त्या खोलीत जाणारे भाडेकरू, ही दुसरी कारणं. कुपोषित मुलाला गोवर झाला की निमोनिया आणि जुलाब त्याला सोडत नाहीत. ही जबाबदारी शासनाची आहे, ती कोणी झटकू नये. "लोक लस घेत नाहीत" एवढं म्हणून हात वर करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. ज्या आरोग्य केंद्राची वेळ आणि रोजंदारीवर जाणाऱ्या आईची वेळ कधी जुळतच नाही, तिथे ती लस कशी घेणार, हे त्यांना कोणी विचारत नाही.

आता माझी गोष्ट.

२७ नोव्हेंबर २०१८ ला राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना एक डोस, आधी घेतलेला असो वा नसो. सुरुवात शाळांपासून. आमच्याकडे महिनाभर आधीच व्हॉट्सअॅपवर क्लिपा फिरत होत्या. या सुईने मुलींना पुढे मूल होत नाही, फक्त आपल्याच शाळांत देतात, असं काय काय. सुई खासगी इंग्रजी शाळांतही होती, साऱ्या राज्यात होती. पण क्लिप बनवणाऱ्याला ते सांगायचं नव्हतं. त्या दिवशी माझ्या तिसरीच्या वर्गात ४६ पैकी १९ मुलं आली. मी हजेरीपटावर बाकीच्यांपुढे 'गैरहजर' लिहिलं आणि गप्प बसले. काही आया आदल्या संध्याकाळी मला विचारायला आल्या होत्या. "टीचर, दिलवाएँ क्या?" मी म्हणाले, "तुमची मर्जी." मला स्वतःला शंका नव्हती. माझ्या दोन्ही मुलांना मी तो डोस दिला. पण उद्या एखाद्या मुलाला चक्कर आली तर मोहल्ला माझ्या दारात येईल, ही भीती होती. म्हणून मी 'मर्जी' या शब्दामागे लपले.

चार वर्षांनी, २०२२ च्या नोव्हेंबरात, त्याच वर्गातल्या एका मुलाचा दीड वर्षाचा धाकटा भाऊ आजारी पडला. आशाताई त्या चाळीत दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा आईने सांगितलं, "गर्मी निकली है, सो रहा है." आपल्याकडे पुरळाला 'गर्मी निकलना' म्हणतात. मराठी शेजारी 'अंगावर आलंय' म्हणतात. दोन्हींत आजार हा शब्दच नाही. पाचव्या दिवशी मुलाला श्वास घेता येईना. अकरा दिवस रुग्णालयात होता. अल्हम्दुलिल्लाह, वाचला. पण तोवर त्याच चाळीत आणखी चार मुलांना पुरळ आलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा त्या आईने मला एकच विचारलं, "टीचर, उस वक़्त आपने बोला क्यों नहीं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिला दोष देणं सोपं आहे. तिने मूल का लपवलं? मी तिला नंतर विचारलं. तिची भीती लसीची नव्हतीच, नावाची होती. नाव लिहून नेतात, मग काय करतात? घरमालक कळलं तर खोली खाली करायला सांगेल. २०१९-२० च्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा जोरात होती. तेव्हापासून तिच्या सासऱ्याने सांगून ठेवलं होतं, दारावर कोणीही काही विचारलं तर सांगायचं नाही. त्या काळात देशात अनेक ठिकाणी साधं आरोग्य सर्वेक्षण करणाऱ्यांकडेही लोक संशयाने बघत होते. मग एप्रिल २०२० आला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या रोजच्या माहितीत तबलीगी जमातीशी जोडलेले रुग्ण वेगळे मोजून सांगितले जाऊ लागले आणि टीव्हीने पुढे काय केलं ते आपण सगळ्यांनी भोगलं. भाजीवाल्याला नाव विचारून हाकललं गेलं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं स्पष्ट म्हटलं. पण निकाल वाचणारे किती आणि टीव्ही बघणारे किती!

म्हणून "आपले लोक अडाणी आहेत, घाबरतात" हे मी म्हणणार नाही. भीतीला कारण होतं. बाहेरच्या देशातलं उदाहरण तर आणखी वाईट आहे. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने पाकिस्तानात अबोटाबादला कावीळ-बीच्या लसीची मोहीम आड म्हणून वापरली. पुढे २०१४ मध्ये अमेरिकन सरकारला कबूल करावं लागलं की यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बायका तिथे मारल्या गेल्या. आज नैसर्गिक पोलिओ ज्या दोन देशांत अजून ठाण मांडून आहे ते पाकिस्तान आणि अफगाणिस्तान आहेत. म्हणजे निगरानीच्या नावाखाली पाळत ठेवली एका ताकदवान देशाने आणि लुळी पडली गरिबांची मुलं.

मात्र याच देशात नोंदीचा उलटा वापरही झाला आहे आणि तो आपण विसरतो. २००२ मध्ये उत्तर प्रदेशात पोलिओची मोठी साथ आली. रुग्णांच्या नोंदी बघितल्यावर दिसलं की बाधित मुलांत मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. हे आकडे टीव्हीवर गाजवता आले असते. तसं न करता युनिसेफने अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्दला बरोबर घेतलं. उलेमांनी आवाहनं काढली, मशिदींतून घोषणा झाल्या, मोहल्ल्यातल्याच बायका घरोघर जाऊ लागल्या. ज्या पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओ हटणारच नाही असं म्हणत होते तिथून तो हटला. दोन्ही वेळा मोजलं गेलं ते समाजानुसारच. २००२ मध्ये मुलाला वाचवण्यासाठी मोजलं, २०२० मध्ये बोट दाखवण्यासाठी. फरक आकड्यात नव्हता, तो आकडा कोणाच्या हातात गेला त्यात होता.

मग आपण काय करायचं? माझं मत असं की नोंद द्यायची, आणि ती देताना प्रश्नही विचारायचे. हे काय लिहिता? कोणाकडे जातं? वर्तमानपत्रात मुलाचं नाव येणार नाही ना? हा आपला हक्क आहे. गोवराच्या तपासाच्या फॉर्मवर मुलाचं नाव, वय, पत्ता, पुरळ कधी आलं, लसीचे किती डोस झाले, मधल्या काळात प्रवास कुठे झाला हे असतं. नागरिकत्वाशी त्याचा काही संबंध नाही. हे स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याने मशिदीच्या ट्रस्टींसमोर, बचतगटाच्या बायकांसमोर येऊन एकदा सांगितलं, तर निम्मी दारं उघडतील. पोलिसांची गाडी पथकाबरोबर आणली तर उघडी दारंही बंद होतील. हे समजायला बीएड लागत नाही.

आपल्या समाजाला सुईचं वावडं आहे हेही खरं नाही. हजला जाणारा प्रत्येक म्हातारा मेनिंजायटिसची लस टोचून घेतो, पोलिओचे थेंब घेतो, कोणी क्लिप पाठवत नाही. १९८७ च्या हजमध्ये मेनिंजायटिसची साथ आली, त्यानंतर सौदी सरकारने ती लस सक्तीची केली. पुढे २००० च्या हजनंतर परतलेल्या हाजींना आणि त्यांच्या घरच्यांना वेगवेगळ्या देशांत मेनिंजायटिस होऊ लागला. तिथल्या प्रयोगशाळांनी नमुने तपासले तर जंतूचा प्रकार निराळा निघाला, डब्ल्यू १३५, जो तोवरच्या साध्या लसीत नव्हता. त्यानंतर चारही प्रकारांवर चालणारी लस बंधनकारक झाली. आज आपला हाजी सुखरूप परत येतो त्यामागे कुठल्या तरी शहरातल्या आजारी माणसाचं नाव कोणीतरी रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, हे आहे.

आणि गाझा. जून २०२४ मध्ये, बॉम्ब पडत असताना, खान युनिस आणि दैर अल-बलाहच्या सांडपाण्याचे नमुने कोणीतरी बाटलीत भरले. जुलैत कळलं की त्यात पोलिओ आहे. ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाचा पाय लुळा पडल्याचं पक्कं झालं, तिथला पंचवीस वर्षांतला पहिला रुग्ण. १ सप्टेंबरपासून, काही तासांच्या युद्धविरामात, पहिल्या फेरीत दहा वर्षांखालच्या साडेपाच लाखांहून जास्त मुलांना थेंब पाजले गेले. ज्या आयांचं घर उरलं नव्हतं त्या तंबूतून मुलांना कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या. मी ते फोटो वर्गात दाखवले. मुलांनी विचारलं, "टीचर, वहाँ नाली का पानी कौन चेक किया?" त्या माणसाचं नाव मलाही माहीत नाही.

नाव माहीत नसलेली ही माणसं आपल्याकडेही आहेत. आमच्या भागातली आशाताई दिवसाला किती जिने चढते ते मी पाहते. लूमच्या खडखडाटात तिला दार वाजवून थांबावं लागतं. तिच्या कामाचे पैसे पगार नसून मानधन आहेत, बरेचसे कामागणिक. ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या त्या याच मानधनासाठी. देशाचं गोवर निर्मूलन ज्या बाईच्या चपलांवर चालतं, तिला रस्त्यावर बसावं लागतं. गल्लीतल्या डॉक्टरांबद्दलही एक शब्द. ताप-पुरळाचं मूल आधी त्यांच्याकडेच येतं. ते इंजेक्शन देतात, सिरप देतात, पाठवून देतात, कळवत मात्र नाहीत. कळवलं तर पेशंट तुटेल असं त्यांना वाटतं. पण गोवराच्या मुलाला लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व 'अ' चे डोस द्यायचे असतात, त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात. कळवलेल्या मुलाकडे पथक पोचतं, डोस मिळतो. न कळवलेल्याचा बहुधा राहून जातो.

शाळेचं म्हणाल तर आमच्या हातात हजेरीपट आहे, आणि तो फार कमी वापरला जातो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचा 'टीडी' डोस असतो. घटसर्प फक्त लहान मुलांचा आजार उरलेला नाही, मोठ्या मुलांतही दिसतो, म्हणून हे डोस. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांची यादी पुढे कोणी बघत नाही. मी गेली दोन-तीन वर्षं 'गैरहजर' पुढे कारण लिहिते. ताप, लग्न, गावी गेला, बहीण सांभाळायला थांबली. त्यात ताप-पुरळ लिहायची वेळ आली की आशाताईला फोन करते.

एक शेवटचा मुद्दा, जो मला स्वतःला उशिरा कळला. एखादा जिल्हा म्हणाला की आमच्याकडे वर्षभरात ताप-पुरळाचा एकही रुग्ण नाही, तर आरोग्य खात्याने खूश व्हायचं नसतं, शंका घ्यायची असते. नियम असा आहे की लाख लोकसंख्येमागे वर्षाला किमान दोन तरी असे रुग्ण सापडले पाहिजेत, जे तपासल्यावर गोवरही नाही आणि रुबेलाही नाही असं निघालं. कारण पुरळ शंभर कारणांनी येतं. ते सापडतच नसेल तर तुम्ही शोधत नाही आहात. आम्हा शिक्षकांना हे पटकन समजतं. वर्षभर शंभर टक्के हजेरी दाखवणाऱ्या वर्गाकडे तपासणी अधिकारी आधी वळतात.

मागच्या थंडीत माझ्या वर्गातली दोन मुलं, एकाच गल्लीतली, तीन दिवस आली नाहीत. मी घरी गेले. एकाच्या पाठीवर पुरळ होतं. आईने आधी तोच शब्द काढला, 'गर्मी'. मी बसले, चहा घेतला, २०२२ ची गोष्ट सांगितली, माझी चूकही सांगितली. तिने आशाताईला बोलवायची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी दोघांचं रक्त घेतलं. काही दिवसांनी निकाल आला, गोवर नाही, रुबेलाही नाही. त्या आईने मला गल्लीत गाठून ऐकवलं, "फुकट बच्चे को सुई लगवाई आपने." मी आशाताईला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "आपा, माझ्या रजिस्टरमध्ये या दोघांची वेगळी ओळ आहे. साहेब आधी तीच मोजतात."